हॅरीच्या बुटाचा वास

ताई,

नाव छापू नका. वय 30, मूळचा नाशिकचा, सध्या वाकडला भाड्याच्या वन बीएचकेत. सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण कॉन्ट्रॅक्टवर. पुढचं वर्ष मिळणार की नाही, ते दर मार्चमध्ये कळतं. लग्न झालंय, मुलगी तीन वर्षांची.

मध्यंतरी एका रात्री मुलगी झोपल्यावर शिनचॅन या जपानी कार्टूनचा 2001चा जुना सिनेमा लावला. सगळी मोठी माणसं लहान मुलांसारखी वागायला लागतात, तो. हसायचं म्हणूनच लावला होता. शिनचॅन बापाला त्याच्याच बुटाचा वास घ्यायला लावतो आणि बापाला सगळं आठवतं, तिथे मला रडू कोसळलं. थांबेचना. बायको उठून आली. तिला वाटलं, नाशिकहून काही वाईट निरोप आला.

लहानपणी आम्ही सगळे हॅरीला, म्हणजे शिनचॅनच्या बापाला, हसायचो. पगार कमी, पायांना वास, बायकोची बोलणी खाणारा. आता हिशेब केला, तर 35व्या वर्षी त्याच्याकडे दुमजली घर, गाडी, दोन मुलं, कायमची नोकरी. मी पाच वर्षांत तिथवर पोचत नाही.

माझे बाबा सातपूरला एका कारखान्यात पर्मनंट होते. 1993 मध्ये, 32व्या वर्षी त्यांनी सिडकोत घर घेतलं. दीड लाखाला, पगार तेव्हा 2,800. पुढे 2003 ला व्हीआरएस घ्यावी लागली, मग एका दुकानात हिशेब लिहायला जायचे, पण घर तर झालेलं होतं. मला आज हातात 62,000 मिळतात आणि इथला साधा टू बीएचके 85 लाखांच्या खाली नाही. दिवाळीत बाबा म्हणाले, ‘तुम्हाला हॉटेलं सुटत नाहीत, घर कुठून होणार?’ मी म्हणालो, ‘तुम्हाला सगळं आयतं मिळालं.’ तेव्हापासून फोनवर ‘जेवलास का’च्या पुढे बोलणं नाही.

आता रोज रात्री दोन वाजेपर्यंत शिनचॅनचे जुने भाग बघत बसतो. बायको वैतागलीय. एका कार्टूनमध्ये मला आमच्या अख्ख्या पिढीची फसवणूक दिसते, हे कुणाला सांगू? मला काही झालंय का?

– वाकडचा हॅरी

*

प्रिय वाकडच्या हॅरी,

तुला काही झालेलं नाही. हे आधी सांगते, कारण तो प्रश्न तू अगदी शेवटी, घाईघाईने विचारलायस आणि उत्तराची तुला धास्ती वाटतेय, हे कळतंय मला. त्या बुटाच्या प्रसंगाला मोठी माणसं रडतात. जपानमध्ये एप्रिल 2001 मध्ये हा सिनेमा लागला, तेव्हा पोरांना घेऊन गेलेल्या आईबापांचेच डोळे भरून आले होते, असं तिकडे आजही सांगतात. आणि तुला त्यात जे दिसलं, ते तू तुझ्या मनाने घातलेलं नाहीस. ते तिथे आहेच.

शिनचॅन मुळात लहान मुलांसाठी नव्हता. योशितो उसुई यांनी ही चित्रकथा 1990च्या ऑगस्टमध्ये एका साप्ताहिकात सुरू केली, आणि ते साप्ताहिक मोठ्या पुरुषांचं होतं. म्हणजे रोज लोकलने दमून घरी जाणारा, घराचे हप्ते भरणारा, हॅरीच्याच वयाचा माणूस हा तिचा वाचक. हॅरीचं तिकडचं नाव हिरोशी, त्याच्या बायकोचं, मित्सीचं, मिसाए. हॅरी आणि मित्सी ही नावं आपण हिंदी आवाजांत ऐकली. 2006 मध्ये ती मालिका इथे आली, तेव्हा तू दहा वर्षांचा असशील. पोरं बिघडतात म्हणून 2008 मध्ये तिच्यावर बंदी आली आणि नंतर काटछाट करून ती परत लागली. तेव्हा आम्हा मोठ्यांना त्यात फक्त वात्रटपणा दिसला. त्या घरातला दमलेला बाप आमच्यापैकी कुणी पाहिला नाही, याचं मला आज वाईट वाटतं.

आता काळ बघ. 29 डिसेंबर 1989 ला टोकियोच्या शेअर बाजाराचा निर्देशांक 38,915 वर बंद झाला. त्यानंतर तो जो कोसळला, तो पुन्हा तिथे चढायला 2024चा फेब्रुवारी उजाडला. मध्ये 34 वर्षं गेली. शिनचॅनचा जन्म या कोसळण्याच्या पहिल्याच वर्षातला. हिरोशी शेतीवाडीच्या अकिताहून टोकियोत आलेला, कासुकाबेसारख्या लांबच्या उपनगरात घर घेतलेला, 32 वर्षांचे हप्ते डोक्यावर असलेला साधा कारकुनी साहेब. त्या वेळच्या वाचकाला तो कमनशिबी वाटायचा. माझ्यासारखाच बिचारा, असं म्हणून हसायचे लोक.

पण हिरोशी 35चाच राहिला आणि खाली जमीन सरकली. साधारण 1993 ते 2004 या काळात जी जपानी मुलं कॉलेजातून बाहेर पडली, त्यांच्यासाठी कंपन्यांनी दारंच लावून घेतली. तिकडे त्या काळाला ‘नोकऱ्यांचं हिमयुग’ म्हणतात. एकदा कायमच्या नोकरीची गाडी चुकली की पुन्हा चढू देण्याची तिथे रीत नव्हती, म्हणून त्यांतली बरीच माणसं चाळिशीपर्यंत कंत्राटावरच राहिली. शेवटी 2019 मध्ये तिथल्या सरकारला खास योजना काढावी लागली: तीन वर्षांत अशा तीन लाख लोकांना कायम नोकरीत आणायचं. पदवी घेऊन पंधरा-पंचवीस वर्षं झाल्यावर! त्या पिढीची माणसं आता हिरोशीकडे बघून तुझ्यासारखाच हिशेब करतात. घर, गाडी, बायको, दोन मुलं, कुत्रा, महिन्याच्या महिन्याला पगार. आपण ज्याला हसलो तो तर सुखी माणूस होता, असं तिथली तरुण मुलं उघड लिहितात. कासुकाबेतला तुझ्या वयाचा मुलगा आणि वाकडमधला तू एकच वाक्य बोलताय, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. याचा अर्थ दोष तुझ्या हॉटेलांच्या बिलात नाही.

तू दिलेल्या आकड्यांवरून मीही कागदावर मांडून पाहिलं. बाबांचं घर त्यांच्या साडेचार वर्षांच्या पगाराइतकं होतं. तुझं होईल अकरा वर्षांहून जास्त पगाराचं, आणि तेही नोकरी पुढच्या मार्चला असेल हे धरून. महिन्यातून दोनदा बाहेर जेवणं बंद करून हे अंतर भरत नाही. बाबांचं ते वाक्य चूक होतं. ते मनातून काढून टाक. आणि हो, केवळ त्या वाक्याच्या रागापायी 85 लाखांचं कर्ज अंगावर घेऊ नकोस. नोकरीला वर्षाची खात्री नसताना वीस वर्षांचा हप्ता हे शौर्य नव्हे.

आता तू न लिहिलेल्या गोष्टीकडे येते.

तो सिनेमा पुन्हा आठव. कासुकाबेत ‘20व्या शतकाचं संग्रहालय’ नावाची जागा उघडते. आईबाप तिथे जाऊन आपल्या लहानपणीचे खेळ खेळतात, हिरो बनतात, जादूगार मुली बनतात. पोरं बाहेर ताटकळतात. मग एका सकाळी गावातली सगळी मोठी माणसं लहान मुलांसारखी रुसायला, भांडायला लागतात, जुन्या तीनचाकी टेम्पोंत आनंदाने चढून निघून जातात आणि मागे रिकाम्या गावात उरतात ती मुलं. पाच वर्षांची ती पोरं बालवाडीची बस स्वतः चालवत पळ काढतात. अशक्य कोटीतला धिंगाणा आहे सगळा, पण त्या बसमध्ये बसलेल्या मुलांचे आईबाप त्यांना सोडून गेलेत, हे तो सिनेमा एक क्षणही विसरत नाही.

हे घडवून आणणारे दोघं, केन आणि चाको, दुष्ट नाहीत. मनातून मोडलेले आहेत. लहानपणी त्यांना सांगितलं होतं की 21वं शतक सोन्याचं असेल. ते आलं आणि त्यात काहीच नव्हतं. म्हणून त्यांनी जुन्या काळाचा वासच तयार केला. तो हुंगला की माणूस मागे जातो. त्यांनी वसवलेल्या गल्लीत कायम संध्याकाळ असते. सूर्य बुडायचं नाव घेत नाही, कारण बुडाला तर उद्या येईल.

त्या वासाने हिरोशी जाऊन पोचतो तो 1970च्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात. हे प्रदर्शन खरंच झालं होतं: मार्च ते सप्टेंबर, सहा महिने, आणि सहा कोटी चाळीस लाखांच्या वर लोक बघून गेले. अख्ख्या जपानची वस्ती तेव्हा साडेदहा कोटींच्या आसपास. ‘मानवजातीची प्रगती आणि सुसंवाद’ हे त्याचं ब्रीद. अमेरिकेच्या दालनात चंद्रावरून आणलेला दगड ठेवला होता आणि तो बघायला तासन् तास रांग. सिनेमातला पाच वर्षांचा हिरोशी त्या रांगेपाशी हट्ट करत रडतोय, तो दगड बघायचाच म्हणून. आईवडील म्हणतात, नको रे, फार गर्दी आहे. तेवढ्यात पोटचा पोरगा येतो आणि त्याच्या नाकाला बूट लावतो.

पुढची काही मिनिटं कुणी बोलत नाही. वडिलांच्या सायकलवर मागे बसलेला मुलगा. मग तो मोठा होतो, कुणीतरी सोडून जातं, टोकियोची गाडी, साहेबाची बोलणी, भर उन्हात घामाघूम होऊन दारोदार फिरणं, मिसाए, हातात आलेलं बाळ, रात्री उशिराच्या गाडीत लागलेली पेंग, आणि दार उघडल्यावर घरातला उजेड. हिरोशी हमसून रडतो. शिनचॅन विचारतो, ‘बाबा, मला ओळखलंत?’ तो फक्त हो म्हणतो.

ती वस्तू कुठली निवडलीय बघ. चंद्राचा दगड नाही. दिवसभर पायात राहिलेला, घामाने कुबट झालेला बूट. माझे वडील पावसाळ्यात ऑफिसातून आले की ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते स्टोव्हच्या बाजूला ठेवायचे. ओलं चामडं, शाई आणि रॉकेल असा तो वास. आम्ही नाक मुरडायचो. आज तो वास कुठे मिळत नाही, आणि माझ्याकडे त्यांच्या फोटोंपेक्षा तोच जास्त शिल्लक आहे. म्हणून मला तुझं रडणं कळलं.

आता जरा कठोर बोलते, सहन कर. तू रोज रात्री दोन वाजेपर्यंत जे करतोस, ती केनची गल्ली आहे. 2006चे भाग, तेच हिंदी आवाज, तीच शाळेतून आल्यावरची संध्याकाळ. तुझ्या मुलीला आज त्या रिकाम्या गावातल्या पोरांसारखं वाटत नसेल, ती झोपलेली असते. पण सकाळी तिला जो बाबा मिळतो तो अर्धवट झोपेतला, आणि बायकोला रात्री कुणीच मिळत नाही. तिने पत्र लिहिलं असतं, तर मी तिची बाजू घेतली असती. तुझे बाबा ‘आमच्या वेळी’ म्हणतात, तोही तोच वास. तुम्ही दोघं एकाच गल्लीत दोन वेगवेगळ्या घरांत बसलाय आणि एकमेकांना दोष देताय.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, त्यावरून तू धावत पुढे गेलास. ‘पुढे 2003 ला व्हीआरएस घ्यावी लागली, मग एका दुकानात हिशेब लिहायला जायचे, पण घर तर झालेलं होतं.’ मी तिथेच थांबले. 1961चा जन्म धरला तर तेव्हा ते 42चे होते. पर्मनंट असलेला माणूस. तू दुसरीत असशील. घराचे हप्ते संपले होते का? व्हीआरएसचे पैसे कुठे गेले? जो माणूस कारखान्यात पर्मनंट होता, त्याने दुसऱ्याच्या दुकानात गल्ल्यामागे बसून वही लिहायला सुरुवात केली, पहिल्या दिवशी काय वाटलं असेल त्याला? तुला यातलं काही ठाऊक नाही, असं पत्रावरून दिसतं. ठाऊक असतं, तर ‘आयतं मिळालं’ हे तुझ्या तोंडून आलं नसतं.

आणि हे बघ: 2006 मध्ये शिनचॅन सुरू झाला. संध्याकाळी तू टीव्हीसमोर बसून घरी येणाऱ्या हॅरीला हसत होतास, त्याच वेळी तुझ्या मागचं दार उघडून दुकानातून बाबा घरी येत होते. त्याच खोलीत. पायातलं कोपऱ्यात काढून ठेवत होते.

ज्या पिढीची फसवणूक झाली असं तू म्हणतोस, ती तुझ्यापासून सुरू झालेली नाही. कंपनी म्हणजे जन्मभराची, हे वचन तुझ्या बाबांना दिलं होतं आणि ते मोडलं. तुला तर ते वचन कुणी दिलंच नाही. कुठलं जास्त वाईट, हे मी ठरवू शकत नाही. पण त्यांनी स्वतःसाठी एक 1993 जपून ठेवलंय, ज्यात ते 32चे आहेत, हातात किल्ली आहे, आणि 2003 अजून आलेलं नाही. ते तुला घर घ्यायला सांगतात, तेव्हा त्या किल्लीजवळ तुला बोलवत असतात. शब्द चुकतात त्यांचे, आणि तू त्या शब्दांवरच भांडलास.

म्हणून माझं म्हणणं असं. फोनवर माफी मागू नकोस. ‘बरं बरं, जेवलास का’ म्हणून ते विषय बंद करतील. एका रविवारी नाशिकला जा, एकटा गेलास तरी चालेल. तुझा भाडेकरार, कॉन्ट्रॅक्टचा कागद आणि पगाराची स्लिप बरोबर ने. त्यांनी दुकानात हिशेब लिहिलेत, त्यांना कागदावरचं पटकन कळेल. भांडणात आकडे फेकू नकोस. ‘बाबा, हे जरा बघून द्या, माझं कुठे चुकतंय का’ असं विचार. खरंच विचार. कदाचित त्यांना काही सुचेलही. नाही सुचलं, तर तुझं घर होत नाही ते आळशीपणामुळे नाही, एवढं त्यांच्या नजरेला पडेल.

सिनेमा त्यांना दाखवू नकोस. खालच्या ओळी वाचत वाचत बघायला त्यांना होणार नाही, आणि बळेच बसवलंस तर ते मध्येच उठून पाणी प्यायला जातील. गोष्ट सांग तोंडी. बुटाची.

रात्रीचं म्हणशील, तर ती मालिका सोड असं मी म्हणणार नाही. ती तुझी आहे. पण साडेदहाला एक भाग, बायकोला शेजारी घेऊन, आणि मग बंद. तिला हा सिनेमा पहिल्यापासून दाखव. त्या रात्री तिने रडणारा नवरा एवढंच पाहिलंय. त्याआधीचं तिला कुणी सांगितलेलं नाही. हे करूनही झोप अशीच तुटत राहिली, जेवण नको झालं, किंवा जगणं नको असं कधी मनात आलं, तर वाट बघू नकोस. 14416 हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे. रात्री-बेरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं.

शेवटाकडचं एक तुला आठवत असेल. केन हिरोशीला म्हणतो, तुझं आयुष्य कंटाळवाणं, तेव्हा हिरोशी ओरडून सांगतो की माझं आयुष्य कंटाळवाणं नाही. तोवर शिनचॅन केनला थांबवायला मनोऱ्याच्या जिन्यावरून पडत-धडपडत, नाकातून रक्त येत असताना वर धावतोय. वर पोचल्यावर चाको विचारते, तुला भविष्यकाळ कशाला हवाय? पाच वर्षांचं पोर म्हणतं, मला आईबाबांबरोबर राहायचंय, भांडण झालं तरी, ओरडले तरी. आणि मला मोठं व्हायचंय. हे दिग्दर्शित करणारे केइची हारा 1959 साली जन्मले. ओसाकाचं प्रदर्शन भरलं तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. तो वास त्यांनाही हवाहवासा वाटत असणार, इतक्या मायेने ती गल्ली रंगवलीय. तरी त्यांनी शेवट त्या पोराच्या हाती दिला.

नाशिकला गेलास की लगेच 2003चं काढू नकोस. त्याला वेळ लागेल, कदाचित दोन-तीन फेऱ्या लागतील, आणि आई घरात असताना ते बोलणार नाहीत. साधं काहीतरी विचार. त्या दुकानात जाताना ते पायात काय घालायचे, कारखान्यातले जुने काळे बूट की चप्पल? तुला आठवतंय का?

– ताई